बिनतिकीट पथ्यं

आमचे मामंजी ताटालाही तिकीट विचारत. मामंजी म्हणजे माझे सासरे. रेल्वेत टीसी होते. निवृत्त होऊन रेल्वेच्या क्वार्टरातून नागपूरच्या महाल भागातल्या भाड्याच्या घरात आले, काळा कोट खुंटीला लागला, पण नजर काही निवृत्त झाली नाही. दारात कोणी आलं की आधी पाय, मग हात, मग चेहरा असं बघत. हा कुठे चढला आणि कुठे उतरणार, हे त्यांना तेवढ्यात कळायचं म्हणे. पाहुणा निघायला लागला की म्हणत, "बसा ना गा, तुमचं स्टेशन कुठं आलं अजून!"

अशा माणसाच्या घरात मी सून म्हणून आले. मासिकं वाचणारी, व्याख्यानांना जाणारी आणि जे ऐकलं ते त्याच संध्याकाळी स्वयंपाकघरात लागू करणारी. आज ती पोरगी माझ्यासमोर आली तर मी तिला आधी पाणी देईन आणि मग दोन रट्टे.

माझी चिमी सात वर्षांची असताना तिचे गुडघे आणि मनगटं सुजायला लागली. सकाळी उठली की लाकडाची बाहुली. अंग मोकळं व्हायला निम्मी सकाळ जायची. डॉक्टरांनी लहान मुलांचा संधिवात म्हणून सांगितलं, तेव्हा आम्हाला ते खरंच वाटेना. संधिवात ही आमच्या लेखी म्हाताऱ्या माणसांची मिरास. चिमीला मांडी घालून जेवता येईना. मामंजी जन्मभर पाटावर जेवलेले. एका सकाळी त्यांनी आपला पाट उचलून फळीवर ठेवला, शिवणमशीनचं स्टूल चिमीला दिलं आणि स्वतः ट्रंकेवर बसले. "हा आपला फर्स्ट क्लास," नातीला म्हणाले. "खाली बसते ते जनरल डब्बा." खाली मी आणि हे बसलो होतो.

आजाऱ्याला भेटायला जाताना लोक फळं नेतात. आमच्याकडे येणारा प्रत्येक जण एकेक पथ्य घेऊन यायचा. आत्याबाई, म्हणजे मामंजींच्या थोरल्या बहीण, यांनी आंबट आणि वांगं बंद केलं. शेजारणीने तुरीची डाळ आणि हरभरा बंद केला, वातूळ म्हणून. यांच्या ऑफिसातल्या कोणीतरी केळं बंद केलं, ते थंड. अंडं बंद, ते उष्ण. आंबट नको म्हणजे संत्रंही आलंच. नागपुरात राहून पोरीला संत्रं बंद! उरलंसुरलं मी बंद केलं. सीताबर्डीला एका निसर्गोपचारवाल्या गृहस्थांची चार दिवस व्याख्यानं ऐकून आले आणि दूध, दही, गहू एका दमात काढून टाकले. चिमीच्या ताटात राहिली तांदळाची पेज, मुगाचं पाणी आणि दुधीभोपळा. मला वाटायचं, माझ्यासारखी दक्ष आई अख्ख्या महालात नाही. मागच्या दिवाळीचा फ्रॉक पोरीला या दिवाळीलाही आला, तर मी शेजारणीला सांगत होते, "जपून वापरते हो माझी चिमी!" धन्य ती माय.

पुढच्या तपासणीला मामंजी बरोबर आले. डॉक्टरीणबाईंनी चिमीचं वजन केलं, उंची मोजली, पुन्हा मोजली. मग मला विचारलं, "हिला खायला काय देता?"

मी शाळेत कविता म्हणावी तशी सगळी पथ्यं घडाघडा म्हणून दाखवली.

"मी विचारलं काय देता. तुम्ही सांगताय काय देत नाही." त्या रागावल्या नव्हत्या, ते जास्त लागलं. "दुखण्यानं हिची भूक आधीच कमी. त्यात तुम्ही ताट रिकामं केलंत. सूज उतरवायला गोळ्या आहेत, पण पोर वाढणार कशावर? वजन उतरलंय हिचं. उंची जिथल्या तिथे आहे. एखादा पदार्थ खाल्ला की खरंच त्रास वाढतो असं वाटलं, तर तो एकच काढा, मला सांगून, थोडे दिवस. फरक नाही पडला तर परत द्या. आणि काढायच्या आधी ठरवा, त्याच्या बदल्यात काय देणार."

मामंजी इतका वेळ भिंतीशी उभे होते. बाहेर आल्यावर सायकलरिक्षात चिमीला मांडीवर घेऊन म्हणाले, "ही बाई रेल्वेत पाहिजे होती." चिमीचं मनगट आपल्या दोन बोटांत धरून बसले होते. बोटं एकमेकांवर चढून वर जागा उरत होती.

दुसऱ्या दिवसापासून घरात तपासणी सुरू झाली. कोणी पथ्याचं नाव काढलं की मामंजी हात पुढे करत, "तिकीट?" म्हणजे डॉक्टरीणबाईंनी सांगितलंय का. नसलं तर दुसरा प्रश्न, "दूध उतरवलं, बरं. मंग त्या सीटवर कोन बसनार?" आणि याचंही उत्तर नसलं तर दंड. दंड असा, की ज्यानं पथ्य सांगितलं, त्यानं ते चिमीसोबत पाळायचं.

आत्याबाई चंपाषष्ठीला आल्या. चुलीवर वांगं भाजल्याचा वास दारापर्यंत गेलेला, कांद्याची पात चिरलेली, त्या पाय धुऊन ताटावर बसल्या. मामंजींनी सगळ्यांना भरीत वाढलं, चिमीलासुद्धा, आणि आत्याबाईंच्या ताटात दुधीभोपळा घातला.

"काहून रे? मले काहून नाही?"

"तुले बंद हाय, आक्का. तूच तं केलं."

"मी पोरीसाठी सांगतलं होतं!"

"बिनतिकीट सांगतलं. आता भर दंड."

आत्याबाईंनी भोपळ्याकडे पाहिलं, भरताकडे पाहिलं, आणि वांग्यानं वात होतो हे आपण नेमकं कोणाकडून ऐकलं ते त्यांना आठवेना. "खाऊ दे पोरीले," त्या ताट पुढे सरकवत म्हणाल्या, "अन् मलेही वाढ."

शेजारणीची तूरडाळ अशीच सुटली, केळं सुटलं. संत्र्याची तर मामंजींनी पिशवीच आणली. राहिले माझे दूध आणि गहू. मी हटले नाही. डॉक्टरीणबाई एकदाच बोलल्या होत्या, व्याख्यानवाले गृहस्थ तर चार दिवस बोलले होते! "मंग तुमीही सोडा, सूनबाई," मामंजी म्हणाले, आणि मी हुतात्म्याच्या थाटात हो म्हटलं. काळा चहा प्यायले. ज्वारीची भाकर तशी मला आवडायची, पण सासऱ्यांनी समोर बसून दुधात पोळी कुस्करली की घशाखाली उतरायची नाही. असं करत संक्रांत आली. व्याख्यानाबरहुकूम दुसरंही पुष्कळ काही मी सोडलेलं होतंच. एक दिवस चिमीला कडेवर घेऊन जिना चढताना डोळ्यांपुढे अंधारी आली.

खाली टेकले आणि मला पहिल्यांदा वाटलं, मी तर वाढून चुकलेली बाई. हिचं काय होत असेल?

हा विचार थोर होता, पण तो मी थोरपणे अमलात आणला नाही. दुसऱ्या दिवशी सीताबर्डीला गेले आणि दुकानाच्या आडोशाला उभं राहून संत्राबर्फी खाल्ली. खव्याची, घसघशीत. दुसरी तोंडात घालणार, तोच मागून हात पुढे आला.

"तिकीट?"

मी मेले. मामंजी चष्मा दुरुस्तीला आले होते. त्यांनी माझ्याकडे पाय, हात, चेहरा असं पाहिलं. हसले नाहीत. उरलेली बर्फी कागदात बांधून घेतली आणि म्हणाले, "चला. फर्स्ट क्लासचा पॅसेंजर वाट पाहून राहिला."

त्या दिवसापासून चिमीच्या ताटात दूध-पोळी परत आली. दुखणं पळालं असं मी म्हणणार नाही. गोळ्या होत्या, रडणं होतं, वाईट सकाळी होत्या. पण उन्हाळ्याच्या सुट्टीत तो दिवाळीचा फ्रॉक तिच्या दंडाला काचला, आणि मामंजी तो आखूड झालेला फ्रॉक घेऊन गल्लीतल्या प्रत्येक दारात दाखवून आले.

हल्ली माझ्या फोनवर रोज कोणीतरी पाठवतं, सांधे दुखतात तर हे सोडा, ते सोडा. मी एकच शब्द लिहून पाठवते, "तिकीट?" लोकांना वाटतं, आजीचं डोकं चळलंय.

मामंजी गेले त्या वर्षी त्यांना मीठ बंद होतं. याला तिकीट होतं, डॉक्टरांचं, म्हणून त्यांनी वाद घातला नाही. फक्त जेवणं सोडलं. वाढलेलं ताट तसंच परत यायचं. चिमी तेव्हा नोकरीला लागलेली, सुट्टी काढून आली. तिने फळीवरचा जुना पाट काढला, पुसला, त्यांच्या खाटेशी ठेवला आणि दोन ताटं वाढून आणली, दोन्ही अळणी.

"आबा," ती म्हणाली, "मीठ उतरवलं ना? त्या सीटवर कोण बसणार?"

त्यांनी तिच्याकडे पाहिलं. आधी पाय, मग हात, मग चेहरा.

"तू बस."

ती गुडघ्यावर हात टेकत, सावकाश, मांडी घालून बसली. त्या दिवशी मामंजींनी माझ्या हातचं वरण दुसऱ्यांदा मागून घेतलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच, आणि तेही अळणी.