दोन जुळे प्रोसेसर

काल कॉम्प्युटरचं झाकण उघडलं आणि तापलेल्या धुळीचा वास आला. त्या वासासरशी मी पुन्हा उल्हासनगरला, कॅम्प एकमधल्या कॉम्प्युटरच्या सुट्या भागांच्या दुकानात जाऊन उभी राहिले.

मी घरातली पहिली ग्रॅज्युएट आणि हा घरात येणारा पहिला कॉम्प्युटर. काउंटरवर दोन प्रोसेसर, दिसायला अगदी जुळे. एक वेगवान आणि थोडा महाग. दुसरा स्वस्त, पण ओव्हरक्लॉक केला तर पहिल्यालाही मागे टाकेल असा. पळाला तर माझी हुशारी, जळाला तर दुसरा घेणं शक्यच नव्हतं. मी एक उचलायची, ठेवायची, पुन्हा दुसरा उचलायची.

"बेटी, ओव्हरक्लॉक किया तो वॉरंटी गई," दुकानदार सिंधी काका म्हणाले.

"ते काय असतं गं?" बाबांनी विचारलं. ते अंबरनाथच्या कारखान्यातून थेट आले होते.

"ठरलेल्या वेगापेक्षा जास्त काम करून घ्यायचं."

"म्हणजे ओव्हरटाइम! मग हाच घे की. आपलं घर त्याच्यावरच चाललंय."

काका खो खो हसले. बाबाही हसले आणि हसता हसता कमरेवर हात ठेवून स्टुलावर टेकले.

मी वेगवान प्रोसेसर पुढे सरकवला. "हा द्या."

"एवढं शिकून शेवटी ओव्हरटाइम न करणाराच घेतलास?" रिक्षात बाबा कुरकुरले.

"वॉरंटी आहे ना," मी म्हटलं.

घाबरले म्हणून तेव्हा मला स्वतःचाच राग आला होता. आज वाटतं, ती भीती नव्हतीच. आमच्या घरात ओव्हरटाइम करणारं आणखी कुणी मला नको होतं.