सायकलमुळे गेलेलं लायसन

चंद्रहास हा इथे जपानात, आमच्या ओजिमाच्या बिल्डिंगमधला सगळ्यात सरळ माणूस, आणि त्याला पोलिसांच्या तोंडी मी दिलं. हे आधीच कबूल करते, म्हणजे मागाहून कुणी मला बोल लावायला नको.

तो पुण्याहून सॉफ्टवेअरच्या कामासाठी आला त्याला अठरा वर्षं झाली. आमच्यात गाडी असलेला तो एकटाच. कुणाचे आईवडील विमानतळावर उतरोत, कुणाला तांदळाचं पोतं आणायचं असो, चंद्रहास हजर. नाही म्हणणं त्याला जन्मात जमलं नाही.

दिवाळीच्या फराळाचा कार्यक्रम नदीपलीकडे हिगाशी-कसाईला होता. सकाळी त्याचा फोन आला, "सुनेत्राताई, मी गाडी आणतोय, त्यामुळे माझ्यासाठी बिअर नको."

मला मेलीला दया आली. "अरे, वर्षातून एकदा तरी घे की! सायकलने ये. सायकलवाल्याला कोण विचारतंय?"

वीस वर्षं जपानात काढून मी ही अक्कल पाजळली!

तो दोन कॅन प्यायला. परत जाताना पुलावर, दुपारी चारच्या लख्ख उजेडात, पोलिसांनी थांबवून फुग्यात फुंकायला लावलं. सायकल चालवताना प्यायलेले सापडलात तरी इथे गाडीचं लायसन काढून घेतात, हे आम्हा दोघांनाही तेव्हा कळलं. पाच डिसेंबरला त्याने लायसन जमा केलं. नव्वद दिवसांसाठी.

एवढ्यावर भागलं असतं तर मी शिव्या खाऊन गप्प बसले असते. पण वीस जानेवारीपासून त्याला दूर इबाराकीतल्या एका गोदामात सॉफ्टवेअर बसवायच्या कामावर रुजू व्हायचं होतं. तिथे ना ट्रेन, ना बस. त्याच्या साहेबांनी, मोरी-सानांनी, अगदी नम्रपणे सांगितलं की त्या दिवशी गाडी चालवत येता आलं नाही, तर दुसरा माणूस घ्यावा लागेल. म्हणजे नोकरी गेली, पाठोपाठ व्हिसा. आणि त्याची मुलगी रुचा, जी फेब्रुवारीतल्या हायस्कूलच्या प्रवेश परीक्षेसाठी दोन वर्षं मान मोडून अभ्यास करत होती, तिने पुण्याला जाऊन कुठल्या वर्गात बसायचं? तिला मराठी धड वाचताही येत नाही.

रुचा रडली नाही, भांडली नाही. तिने बापाशी मराठी बोलणं बंद केलं. त्याने काही विचारलं की जपानीत "हो" नाहीतर "नाही", बस्स. जयंती, तिची आई, मला म्हणाली, "ताई, घरात ऑफिससारखं वाटतं हो."

वाट एकच होती. अर्ज करून लायसन सेंटरमध्ये दोन दिवसांचा वर्ग करायचा आणि शेवटी परीक्षा द्यायची. उत्तम गुण मिळाले तर नव्वदचे पंचेचाळीस दिवस होतात, म्हणजे एकोणीस जानेवारीला सुटका. जरा कमी पडले तर सूटही कमी, आणि वीस तारीख हुकली. परीक्षा जपानीत, आणि आमचा चंद्रहास बोलतो फर्डं, पण वाचायला लागला की घाम फुटतो.

अर्ज त्याने भरला. त्याच संध्याकाळी रुचाने आपली पुस्तकं टेबलाच्या एका बाजूला सरकवली आणि वाहतुकीच्या नियमांचं पुस्तक त्याच्यापुढे टाकलं. मग रोज दोघं समोरासमोर. ती प्रश्न वाचायची, तो चुकायचा, ती बोट ठेवून पुन्हा वाचायची. मी भाजी द्यायला म्हणून डोकवायचे आणि अपराध्यासारखी परत यायचे.

निकालाच्या दिवशी मी त्यांच्याच घरी जाऊन बसले. चहाचे तीन कप झाले. साडेपाचला दार वाजलं. चंद्रहास आत आला तो बूट काढायलाच विसरला, आणि जपानातल्या घरात बूट घालून उभा असलेला माणूस बघून मी हातातला कप खाली ठेवला.

"बेचाळीसपैकी छत्तीस," तो म्हणाला. "छत्तीसच हवे होते. नव्वदचे पंचेचाळीस दिवस झाले."

जयंती देवापाशी दिवा लावायला उठली. मी देवाला हात जोडले, आणि मग त्याच्या पाठीत एक धपाटा घातला.

"एक प्रश्न मात्र न वाचताच सोडवला," तो बूट काढत म्हणाला. "सायकल हे वाहन आहे, बरोबर की चूक. तो चुकला असता तर पस्तीस."

कुणीच हसलं नाही. मी तर मान खाली घातली.

रुचाने त्याच्या हातातला कागद घेतला, जपानीत पुटपुटत वरपासून खालपर्यंत वाचला, तारीख दोनदा पाहिली. मग टेबलावरची आपली पुस्तकं परत मधोमध ओढली आणि मान वर न करता बापाला मराठीत म्हणाली, "बाबा, तू जेवलास का?"