बोरीच्या वळणावरची कबुली

डॉक्टरीणबाई मोटार चालवताना सतत बोलत असत, आणि तेही मोटारीशी. "चल बेटा, एवढा चढ चढ, मग पाणी पाजते," असं त्यांचं चालायचं. परभणीत तेव्हा मोटारी थोड्या, त्यात बाईमाणूस चालवणारी ही एकच. मी त्यांच्या दवाखान्यात नर्स होते. खेड्यावर बाळंतपण अडलं की माझी जागा त्यांच्या शेजारी, मांडीवर औषधांची पेटी.

बाईंचं शिक्षण हैदराबादेत झालेलं. त्यामुळे चुकीला त्या 'कुसूर' म्हणायच्या, आणि स्वतःचा कुसूर सांगताना त्यांना जरासुद्धा जड जात नसे. एकदा एका म्हातारीला वेगळीच गोळी दिली गेली, तर सगळ्या रांगेसमोर म्हणाल्या, "आजी, माझं चुकलं. ही घेऊ नका, दुसरी देते." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. म्हातारी मात्र खुशीत घरी गेली.

एका सकाळी जिंतूरहून परतताना बोरीच्या अलीकडच्या वळणावर बाईंनी खड्डा चुकवायला मोटार उजवीकडे घेतली. समोरून महादू धनगराची बैलगाडी येत होती. धडक बसली. गाडीचं चाक मोडलं, महादू खाली पडला आणि त्याचा हात मोडला. मोटारीचा तर पुढचा भागच चेपला. बैल तेवढे धडधाकट राहिले. बाईंनी मोटारीकडे पाहिलंही नाही. झाडाच्या फांदीच्या कामट्या करून महादूचा हात बांधला. मग तेच बैल मोटारीला जुंपून आम्ही बोरी गाठली. बाजाराचा दिवस होता. लोक जमले. "काय झालं, बाई?" "माझा कुसूर. मी याच्या बाजूला शिरले."

पुढच्या आठवड्यात विमा कंपनीचे साहेब आले. माणूस भला होता. खुर्चीत बसून त्यांनी समजावून सांगितलं, "बाई, तुमच्या मोटारीच्या दुरुस्तीतला ठरलेला पहिला भाग तुम्ही सोसायचा, बाकीचा आम्ही देऊ. त्यात चूक कुणाची हे पाहत नाही. पण गाडीवाल्याचं नुकसान आम्ही भरणार, ते चूक तुमची ठरली तरच. आणि आम्हाला विचारल्याशिवाय चूक कबूल करायची नाही, ही पॉलिसीची अट आहे. तुम्ही कुठं बोलला तर नाहीत ना?"

"बोरीच्या भर बाजारात," बाई म्हणाल्या.

साहेबांनी कपाळाला हात लावला. तेवढ्यात हात गळ्यात अडकवून महादू आला. साहेबांनी विचारायच्या आतच बोलू लागला, "सायेब, कुसूर माझा हाय. मला डुलकी लागली व्हती. बाईंकडं काई न्हाई."

आदल्या वर्षी त्याची सून बाळंतपणात जाता जाता बाईंच्या हातून वाचली होती. ते उपकार तो फेडायला निघाला होता. तसं लिहिलं गेलं असतं, तर त्याला चाकाचंही काही मिळालं नसतं आणि हाताचंही.

बाई भडकल्या. "खोटं बोलू नकोस, महादू! तू जागा होतास. 'बाजूला, बाजूला' म्हणून ओरडत होतास. मी ऐकलं होतं."

"मी बैलांवर वरडत व्हतो, बाई."

साहेबांना हसू आवरेना. "मला रोज एकमेकांकडे बोट दाखवणारी माणसं भेटतात. इथं मी कुणाचं लिहू?"

"जे झालं ते लिहा," बाई म्हणाल्या. "चला, वळण दाखवते."

वळण पाहूनही कंपनीने गाडीचा दावा अडवून ठेवला. बाईंनी परवानगीशिवाय कबुली दिली, हेच कारण. बाई थांबल्या नाहीत. बोरीच्या सुताराकडून चाक करून घेतलं, महादूच्या घरी ज्वारी पोचवली. त्यात हातातला पैसा संपला, आणि दुरुस्तीतला स्वतःचा भाग भरायला काही उरलं नाही म्हणून मोटार मिस्त्रीकडेच पडून राहिली. त्या दिवसांत आम्ही महादूच्याच गाडीतून खेडी हिंडलो. त्याचा भाऊ हाकायचा आणि बाई त्याला 'सावकाश' म्हणायच्या.

अखेर त्या साहेबांनीच कंपनीत वरती पटवून दिलं की, बाई गप्प राहिल्या असत्या, तरी त्या वळणावर चूक त्यांचीच ठरली असती. बोलण्यानं कंपनीचं जास्तीचं काही गेलं नाही. मग चाकाचं आणि हाताचं, दोन्ही मंजूर झालं. महादूचा हात थोडा वाकडाच बसला. ते बाईंना शेवटपर्यंत खुपत राहिलं.

पुढे तब्येत साथ देईना म्हणून बाई भावाकडे हैदराबादला निघाल्या. स्टेशनवर, डब्याच्या खिडकीतून मला म्हणाल्या, "सिंधू, नवा डॉक्टर पोरसवदा आहे. त्याच्याही हातून चुकेल. तेव्हा त्याला बोलू नकोस. पण लपवूही देऊ नकोस."

नवे डॉक्टर आले. हुशार होते. तरी एकदा एका पोराला चुकीचं इंजेक्शन गेलं. सुदैवाने पोर सावरलं. आईबाप बाहेर ओसरीवर बसले होते. डॉक्टर घामाघूम होऊन माझ्याकडे बघत राहिले.  मी फक्त उठून ओसरीचं दार उघडून धरलं. थोड्या वेळाने ते बाहेर गेले.