मामा आणि शिंपल्याचं हृदय

माणसाच्या हृदयापेक्षा शिंपल्याच्या हृदयाची जास्त काळजी वाहणारा माणूस उभ्या महाडात एकच, आणि तो म्हणजे माझ्या बायकोचे मामा. कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवून निवृत्त झाले, पण शिकवण्याची खोड गेली नाही. एसटी स्टँडवर भेटले तरी "कसे आहात?" वगैरे काही नाही. "मज्जातंतूंच्या टोकांतून दोन रसायनं पाझरतात बघा. असेटिलकोलीन ठोके मंदावतं, सेरोटोनिन वाढवतं," अशी थेट सुरुवात. हे माझ्याबद्दल नसून शिंपल्याबद्दल चाललंय हे कळेपर्यंत माझी पोलादपूरची गाडी सुटलेली असायची.

हे सगळं पुस्तकात होतंच. मामांना ते स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं होतं. सावित्री नदीतून शिंपला आणायचा, उघडायचा, आतल्या धडधडत्या हृदयाला रेशमाच्या धाग्याची गाठ मारायची. धाग्याचं दुसरं टोक केरसुणीच्या काडीला, आणि ती काडी काजळी धरलेल्या फिरत्या डब्यावर ठोके उमटवणार. डबा मामांनीच जुन्या घड्याळाच्या यंत्रावर बसवलेला. सगळं जमलं, गाठ तेवढी जमेना. त्यांचे हात थरथरत. दोन वर्षं दर रविवारी ते बसले, दर रविवारी ते इवलंसं हृदय फाटलं, आणि दर रविवारी हात धुता धुता म्हणाले, "पुढच्या वेळी."

मामी उमरठ गावच्या, जेमतेम शाळा शिकलेल्या. आपल्या परातीत शिंपले बघून त्यांचं डोकं फिरायचं. एका रविवारी मात्र त्यांनी चष्मा चढवला, "सरका बाजूला," म्हणाल्या, आणि ब्लाउजला हुक लावावा तशी अलगद गाठ मारली.

काडी हलू लागली. मामांनी असेटिलकोलीनचा थेंब सोडला. ठोके विरळ झाले, मग थांबलेच.

"अवो, मेलं काय ते?" मामी ओरडल्या. "धुवा, धुवा आधी!"

मामांनी सलाइननं धुतलं. काडी पुन्हा हलली, आणि सेरोटोनिनचा थेंब पडताच उड्या मारायला लागली. मामींनी पदरानं चष्मा पुसला आणि पुन्हा वाकून बघितलं. मामा डब्याकडे बघायचं सोडून त्यांच्याकडेच बघत राहिले.

परवा गेलो तेव्हा मामांना कपही धरवत नव्हता. "आता गोगलगाय घ्यायची," ते म्हणाले आणि मामींना वही उघडायला लावली. मामी एकेक अक्षर जुळवत प्रयोगाचं नाव लिहून थांबल्या.

"फुडं काय लिहू?"

मामांनी वाकून वहीतलं नाव वाचलं. मग म्हणाले, "खाली तुझं नाव लिही."