जमिनीवरून केलेली शाकारणी

अंबाजीने म्हणे हरेश्वरपंतांना छपरावर चढवलं, खालून शिडी काढून घेतली आणि परवाना कबूल करेपर्यंत उतरू दिलं नाही. रेवदंड्याच्या बाजारात अजून असंच सांगतात. धादांत खोटं! शिडी जागच्या जागी होती. अंबाजीने तिला बोटसुद्धा लावलं नाही. लावायचीच त्याला भीती होती.

अंबाजी म्हणजे आमच्या गावचा कौलं चाळणारा. नळीची कौलं दर वैशाखात उतरवायची, फुटकी टाकायची, बाकीची झाडून पुन्हा बसवायची, ही शाकारणी. तीस वर्षं अंबाजी वैशाखात जमिनीवर यायचा तो फक्त भाकरीपुरता. सपाट रस्त्यात हमखास ठेचकाळायचा, पण वर चालताना त्याच्या पायाखाली कौल वाजायचं नाही.

१९३२ साली म्युनिसिपालटीच्या कचेरीचंच छप्पर गळलं आणि दप्तर भिजलं. ते शाकारलं होतं कुणा बाहेरच्या ठेकेदाराने, पण ठराव सगळ्यांसाठी झाला: छपराला हात लावायचा तर परवाना हवा. ठरावाचा कागद घेऊन हेडक्लार्क हरेश्वरपंत भर दुपारी घरी आले. तिथे अंबाजी त्यांच्याच छपराचं मागचं पाखं उघडं करून, कौलांच्या चळती अंगणात रचून, वर वाशांवर बसला होता.

पंत नाकातून बोलतात, आणि ऑफिसातलं बोलायचं असलं की जरा जास्तच नाकातून.

"अंबाजी, सबब तुला कळविण्यात येते की, खाली उतर."

"उतरतो पंत. ह्या कौलांच्या चार वळी बसवतो न् उतरतो."

"एक नाही! कलम पाच. विनापरवाना दुसऱ्याचं छप्पर शाकारील त्याला तीन वर्षं परवाना बंद."

"मग द्या की परवाना."

"कलम तीन. अर्जासोबत चालू सालात एक तरी घर नीट शाकारल्याचा मालकाचा दाखला."

"ह्येच घर शाकारतो. तुमीच द्या दाखला."

"विनापरवाना शाकारल्याचा?"

अंबाजी शिडीच्या मधल्या पायरीवर थांबला. "म्हंजी चढाया कागद पायजे, आन् कागदाला चढाया पायजे?"

पंतांनी कागद उलटसुलट करून पाहिला. "तसं लिहिलेलं नाही. पण निघतं खरं तसं."

"गेल्या सालची पन्नास घरं हायत की!"

"चालू साल, अंबाजी."

"आन् ह्ये पाखं उतरवलं, त्ये काम न्हाय व्हय?"

"उतरवणं म्हणजे शाकारणं नव्हे."

अंबाजी उतरला. म्युनिसिपालटीच्या नाक्यापलीकडे ठराव लागू नव्हता, पण तिकडच्या गावांत सगळी पेंढ्याची छपरं; कौल औषधालाही नाही. मग तो घरातच येरझाऱ्या घालू लागला. बारा पावलं गेलं की भिंत, बारा पावलं आलं की भिंत. बायको आवडाबाई म्हणाली, "अवो, बसा की जरा! सर्कशीतला वाघ तरी जेवताना थांबतो." बाहेर पडलं की ज्याच्या त्याच्या छपरावरची सरकलेली कौलं डोळ्यांत सलायची, म्हणून तो रस्त्याने मान खाली घालून जाऊ लागला. लोकांना वाटलं, याचं कुणीतरी गेलं.

तिकडे पंतांच्या माजघरातून आभाळ दिसत होतं. मिरग आठ दिवसांवर आला तेव्हा त्यांच्या बायकोने, पद्माबाईंनी विचारलं, "तुमचं कलम तीन पाऊस अडवणार आहे का हो?"

पंत अंबाजीच्या दारात आले. आवाज नाकातून घशात उतरला होता. "मागच्या अंगाने चढ ना. कोण बघतंय?"

"तुमी बघताय की, पंत. तुमीच लिवून घेता सगळं." अंबाजीने हात जोडले. "तीन सालं बंद झालं तर माजं पायच मेलं."

मालकाने स्वतःचं छप्पर स्वतः शाकारायला मात्र बंदी नव्हती. पंतांनी चार दिवसांची रजा टाकली, धोतराचा काचा मारला आणि चढले. सातव्या वाशावर त्यांनी खाली पाहिलं आणि आढ्याला मिठीच मारली.

"अंबाजी! वर ये!"

हाक ऐकून अंबाजी रस्त्यावरून धावत आला. त्याचा उजवा पाय पहिल्या पायरीपर्यंत उचलला गेला आणि हवेतच राहिला. मग त्याने तो खाली ठेवला, दोन्ही हात पाठीमागे बांधले आणि ओरडला, "खाली बघू नका! डावा पाय वाशावर. रिपेवर न्हाय, पंत, वाशावर!"

"वासा कुठला?"

"जो कण्हत न्हाय त्यो!"

घटकाभराने पंतांना धीर आला, तसा अंबाजी म्हणाला, "आता वर हायसाच, तर एक वळ बशिवता का?" चार दिवस असंच चाललं. पंत वर थरथरत होते, अंबाजी खाली ओरडत होता. त्याचा घसा बसला, पण पाखं असं बसलं की म्युनिसिपालटीचे ओव्हरसियर बघायला आले ते बघतच राहिले.

"उत्तम! कोणी शाकारलं?"

पंतांना खोटं बोलता येत नाही. "हात माझे. अक्कल अंबाजीची."

"कलमात अक्कल कुठे आहे?" असं म्हणून ओव्हरसियरांनी पंतांचाच अर्ज लिहून घेतला. परवाना नंबर एक, हरेश्वरपंत! वळचणीखाली उभ्या अंबाजीने ते ऐकलं.

संध्याकाळी पंत त्याच्याकडे गेले. "कलम सात. परवानेदाराला मदतनीस ठेवता येतो. माझा मदतनीस म्हणून चढ."

"आन् फुडल्या सालाला? मंग भेटंल मला कागद?"

पंतांनी मान हलवली. "मदतनीसाचं काम परवानेदाराच्या नावावर धरतात."

"म्हंजी जन्मभर मदतनीस."



हे कळल्यावर मी अंबाजीकडे गेलो. त्याला हसवावं म्हणून पंतांचा आवाज काढला, ओव्हरसियरांचाही काढला. तो हसला नाही. 'वासा कुठला?' असं विचारणाऱ्या माणसाचा मदतनीस हा काही होणार नाही, हे मी ओळखलं आणि त्याच्याशीच एका बरक्या फणसाची पैज मारली.

सकाळी माझ्या शेजारच्या नीराबाईंच्या घरावर एकही कौल न वाजवता कुणीतरी चालत होतं. मी मान वर केली. अंबाजीने फुटकं कौल खाली टाकलं आणि बसक्या घशाने म्हणाला, "मदतनीस बोलतोय. फणस पिकल्याला बघून आण."