शिंदीचा पाक आणि मी घासलेली अकरा मडकी

जायचं ठरलं ते एका बाटलीमुळे. डोणगावात आमच्या शेजारच्या मास्तरांचा मुलगा कॅनडाहून आला, त्यानं ती आणली. तिकडे म्हणे मेपल नावाचं झाड असतं. खोडाला भोक पाडतात, पाणी गळतं, ते आटवलं की मधासारखा पाक होतो. मास्तरीणबाई तो चमच्याच्या टोकावर तीर्थ द्यावं तसा वाटत होत्या आणि अख्खी आळी डोळे मिटून "अहाहा" म्हणत होती. मी म्हणालो, काकवीत पाणी घातलंय. कोणी हसलं नाही. माझी बायको सुमन तेवढी म्हणाली, "माहा चुलतभाऊ तुळशीराम शिंदीच्या रसाचं असंच करते. तुमी कधी गेले का पाहाले?"

गेलो नव्हतो. मला प्रवासाचं भय आहे. एसटी चुकेल, मध्येच लघवीला लागेल, थंडी छातीत बसेल, घरी गॅस सुरू राहील. चाळीस वर्षं पिठाची गिरणी चालवली, त्यात गिरणीच्या पट्ट्यापलीकडचं जग फारसं पाहिलं नाही. शिक्षण सातवी. पण सुमननं अख्ख्या आळीसमोर विचारलं होतं, म्हणून जानेवारीत निघालो.

ज्यांना जायचं असेल त्यांच्यासाठी रस्ता सांगतो. डोणगावहून मेहकर, तिथून खामगाव, पुढे शेगाव आणि शेवटी वरवट बकाल. चार गाड्या लागतात. पंच्याहत्तरी ओलांडलेल्यांना एसटी फुकट आहे, पण आधार कार्ड हातातच ठेवा. मी खिसे चाचपत बसलो तेव्हा कंडक्टर म्हणाला, "आरामात काढा बाबा, गाडी खामगावले उद्या पोचवू." मेहकर ते खामगाव रस्ता काही ठिकाणी इतका चांगला आहे की पुढचा खड्डा जास्त लागतो. शेगावला गरम कचोरी खाल्ली. तेलाबद्दल दुकानदाराला दोनदा विचारलं. तिसऱ्यांदा त्यानं उत्तर दिलं नाही. पुढे पूर्णेचा पूल येतो. पुलावरून जाताना मी खाली पाहत नाही, तुम्ही पाहा.

वरवट बकालला तुळशीराम मोटारसायकल घेऊन उभा होता. त्याचं गाव तिथून पाच किलोमीटर. म्हणजे सुमनचं माहेरच, आणि मी त्या गावचा जावई. जावई म्हणजे काय ते सांगतो. खाट उन्हात की सावलीत, याची चौकशी तीनदा होते. हात धुवायला पाणी कोणीतरी ओततं. ओल्या तुरीच्या सोल्यांची भाजी, भाकर आणि वर लोण्याचा गोळा समोर येतो. आणि कशालाही हात लावू देत नाहीत. गिरणीवाल्या माणसाला ही शिक्षा आहे.

जेवण झाल्यावर तुळशीरामनं नाल्याकाठची झाडं दाखवली. शिंदी म्हणजे खजुराची रानटी बहीण. शेंड्याखाली खोड तासायचं, तिथे बोरूची नळी ठोकायची, सूर्य मावळताना खाली मडकं टांगायचं. रात्रभर थेंब थेंब रस पडतो. पहाटे उतरवून ऊन चढायच्या आत कढईत घालायचा. दहा लोटे रसाचा जेमतेम एक लोटा पाक होतो. मी म्हणालो, "कॅनडात असंच करतात." तो म्हणाला, "मंग त्याहिले आपूनच शिकवलं असन."

मग त्यानं खरी गोष्ट सांगितली. गावातल्या बायकांनी दोन वर्षांपूर्वी दारूचा अड्डा बंद पाडला होता. त्यांच्या पुढारी गोदाबाई. आता तुळशीराम शिंदीवर चढतो म्हटल्यावर गावाला एकच शंका, हा ताडी काढतो. नीरेचा सरकारी परवाना दाखवला, तर गोदाबाई म्हणाल्या, कागद गोड असला म्हणून रस गोड नसतो. उद्या पहाटे त्या सगळ्या झाडाखाली येणार होत्या. रस गोड निघाला तर काम सुरू. आंबट निघाला, म्हणजे ताडीच, तर मडकी कायमची खाली.

"भेव वाटते का?" मी विचारलं.

"काऊन वाटन, भाऊजी? रस गोडच हाये."

तो खोड तासायला गेला. घरातली माणसं शेतात. मी एकटा खाटेवर. समोर ओट्यावर अकरा मडकी पालथी घातलेली. एक उलटून पाहिलं. आत पांढरी, खरखरीत पुटं. उद्या गाव चव घेणार आणि मडकी ही अशी! गिरणीत मी हरभऱ्यानंतर गहू कधी तसाच टाकला नाही, आधी जातं साफ. मी चुलीतली राख घेतली, नारळाची शेंडी घेतली आणि अकराही मडकी लाल होईपर्यंत घासली. परत होती तशी पालथी ठेवली. सांगितलं नाही, कारण जावयानं भांडी घासली म्हटल्यावर घरात आकांत झाला असता. संध्याकाळी तुळशीराम घाईनं आला आणि मडकी घेऊन गेला.

पहाटे कानटोपी, मफलर, दोन स्वेटर घालून मी नाल्यावर गेलो. दहा-बारा बायका शाली गुंडाळून उभ्या. तुळशीराम कमरेला दोर बांधून चढला आणि पहिलं मडकं घेऊन उतरला. तोंडाशी फेस होता. गोदाबाईंनी वास घेतला, बोट बुडवलं, चाखलं आणि थुंकल्या.

"तुळशीराम, हे काय व्हय?"

त्यानं मडक्यात पाहिलं. आत लालभडक, स्वच्छ. मग त्यानं माझ्याकडे पाहिलं. एकदाच. ती पुटं घाण नव्हती. तो चुना होता. रस रात्री आंबू नये म्हणून त्यानं स्वतःच्या हातानं लावलेला.

"चुना लावाचा राहून गेला, बाई," तो म्हणाला. "चूक माही."

जावयाची लाज गावासमोर काढायची नाही. तो माणूस धंदा घालवायला तयार होता, पण ही रीत मोडायला नाही. आणि मी काय विचार करत होतो? वरवट बकालहून सकाळची गाडी मिळेल का, हा. खोटं कशाला लिहू?

"मंग उतरव सारे," गोदाबाई म्हणाल्या.

त्यानं कमरेचा दोर सोडला, घडी केली आणि त्यांच्या पायाशी ठेवला. तेव्हा माझं तोंड उघडलं.

"मडकी मी घासली."

"तुमी? काऊन?"

"घाण दिसली."

बायकांना हसू फुटलं. एक म्हणाली, "माह्या घरचा गडी तं ताट उचलत नाही व माय!" पण गोदाबाई हसल्या नाहीत. "सोयऱ्याले वाचवाले खोटं बोलून राह्यले का जवाईबुवा?"

आयुष्यात एकदा खरं बोललो, तर त्याला साक्षीदार नाही! मी नखं दाखवली. राख अजून होती. त्यांनी माझा हात धरून नीट पाहिला, तांदूळ निवडावा तसा.

"बरं. आंबट रस आत्ताच नाल्यात ओता. आज चुना तुमी लावा. पारावर बसून. आमी पाहतो. उद्या सकाळी निकाल."

मग गावच्या जावयानं पारावर बसून अकरा मडकी चुन्यानं माखली. येणारा-जाणारा थांबून सल्ला देत होता. एक म्हातारा म्हणाला, "भिताड रंगवाचं हाये, येता का?" चुन्यानं बोटं सोलली. तुळशीराम मध्ये मध्ये चहा आणत होता आणि माझ्याकडे पाहायचं टाळत होता.

दुसऱ्या दिवशी रस पाण्यासारखा नितळ आणि गोड निघाला. रुंद कढईत तो उकळला, वरचा फेस झाऱ्यानं काढत राहिले. आधी दुधाळ, मग पिवळा, मग तांबूस, आणि धुराचा एक वास. गोदाबाईंनी दोनदा चाखला. दुसऱ्यांदा गरज नव्हती. "थंडी हाये तवरोक चालू दे," त्या तुळशीरामला म्हणाल्या. "आंबट वास आला तं मी हायेच. अन् पाहुने आले तं मडके कुलपात ठेव."

जायचं असेल तर डिसेंबर-जानेवारीत जा. मुक्काम करा, पहाटे उठा, कशाला हात लावू नका.

निघताना तुळशीरामनं मला पाकाची बाटली, टॉवेल आणि टोपी दिली. जावयाला रिकामं पाठवत नाहीत. मी नको म्हणालो, तर त्यानं टोपी डोक्यावरच ठेवली.

घरी येऊन पाहतो तो सुमन आळीभर सांगत होती, यांनी तुळशीरामले लई मदत केली, सोताच्या हातानं मडक्याले चुना लावला. मास्तरसुद्धा "वा!" म्हणाले. मी आठ दिवस मान हलवत राहिलो आणि टोपी खुंटीवर ठेवली, डोक्यावर घालायची लाज वाटत होती. झोप येईना. शेवटी काल तिला सगळं सांगितलं, घासण्यापासून.

ती तूर निवडत होती. मान वर केली नाही. "मले त्याच दिवशी माईत झालं. गोदीचा फोन आल्ता, तुमच्या गोदाबाईचा."

"मग आळीत मदत केली म्हणून का सांगत फिरलीस?"

"टोपी घाला," ती म्हणाली. "बाहेर ऊन हाये."