गव्हाच्या कोठीवरचं हेल्मेट

सुनेला पांढऱ्या चादरीत गुंडाळून बाहेर आणलं, तेव्हा माझा लेक दवाखान्याच्या बाकावर बसून मोटरसायकलच्या चावीनं कान खाजवत होता. रडत नव्हता. मीही रडत नव्हते. माझ्या मांडीवर नात होती, चार वर्षांची. कपाळाला पट्टी आणि हातात कोणीतरी दिलेला बिस्किटाचा पुडा. ती खात होती, चुरा माझ्या पातळावर पडत होता आणि मी तो झटकत होते.

एक पोलीस लिहून घ्यायला आला. गाडीवर कोण कोण होतं, हेल्मेट कोणाच्या डोक्यावर होतं, ते विचारलं. हेल्मेट एकट्या लेकाच्या डोक्यावर होतं. सून मागे एका बाजूला पाय सोडून बसली होती, पोर तिच्या मांडीवर. काटोल रोडवर कुठल्या तरी ट्रकमधून रेती सांडली होती. गाडी घसरली. पोर आईच्या अंगावर पडलं, आई डांबरावर पडली.

"हेल्मेट होतं म्हणून वाचला तुमचा मुलगा," पोलीस म्हणाला. चांगल्या मनानंच म्हणाला असेल. पुढे जो जो भेटायला आला त्यानंही तेच म्हटलं, आणि प्रत्येकानं लेकाच्या पाठीवर हात ठेवून म्हटलं. तेरवी झाल्यावर लेकानं हेल्मेट खिळ्याला टांगलं आणि त्याच्याकडे पाठ करून जेवायला बसू लागला.

विहीण काटोलची. तिनं नातीला दवाखान्यातूनच नेलं. "दहा-पंधरा दिवस ठेवतो मी इले. तुमच्या घरी कोण आहे पाहाले?" मी बरं म्हटलं. तिची एकुलती एक लेक गेली होती, तिच्या हातातून पोर ओढून घेणं बरं दिसलं नसतं. शिवाय माझ्या अंगात तेव्हा पोर सांभाळायचा जीवही नव्हता. दहा-पंधरा दिवसांची दोन वर्षं झाली.

आम्ही नागपुरात हुडकेश्वरला राहतो. लेक लकडगंजात आरा मशीनवर कामाला जातो, लाकडं कापतो. आधी मोटरसायकलनं जायचा, मग दोन बस बदलून जाऊ लागला. गाडी मेकॅनिकनं दुरुस्त करून दिली, स्वतःच चालवत आणून अंगणात लावली. लेकानं तिच्यावर ताडपत्री टाकली आणि चारी बाजूंनी विटा ठेवल्या. घरात आम्ही दोघंच. तो जेवायचा, मी वाढायची. भाजीत मीठ राहिलं तर तो सांगायचा नाही, आणि मलाही चव कळायची नाही. दोघं अळणी खाऊन उठायचो.

पोरीला आणायला जायचं, हे मात्र तो दर आठवड्याला म्हणायचा. "या रविवारी जातो काटोलले." पावसाळ्यात पाणी येऊन राहिलं. हिवाळ्यात संत्र्याचा सीझन, रोडवर ट्रकच ट्रक. मग गाडीत हवा नाही.

"हवा भरून आण."

"भरतो ना."

"कवा?"

"भरतो म्हटलं ना वं माय."

मी महिन्यातून एकदा एसटीनं जाऊन पोरीला पाहून यायची. दोनदा त्यालाही बसमध्ये बसवलं. पहिल्या वेळी नागपुरातच, काटोल नाक्यावर, "खर्रा घेऊन येतो" म्हणून उतरला आणि बस निघून गेली. दुसऱ्या वेळी नाक्याच्या पुढे फेटरीला उतरला. मी खिडकीतून पाहिलं, तो तंबाखू-सुपारीच्या खर्र्याची पन्नी हातात घेऊन उभा होता आणि बसकडेच पाहत होता. तेव्हा मला समजलं की याला बसनं नेऊन उपयोग नाही. बस दुसरा चालवतो, त्यातून माणूस उतरून जातो. स्वतः चालवत असलेल्या गाडीवरून उतरून कुठं जाणार?

उन्हाळ्याच्या शेवटी विहिणीचा फोन आला.

"विहीणबाई, पोरीचं पहिलीत नाव टाकाचं आहे. सोमवारी इथंच टाकून राहिली मी."

"तिचा बाप आहे ना."

"कुठं आहे? मले तर दोन वर्सात दिसला नाई. पोरगी फोटोले बाबा म्हणते. त्याले पाहिजे असंन तर सोमवारच्या आत त्यानं यावं अन् न्यावं. तुम्ही नाई, त्यानं. तुमच्या हाती मी पोरगी देत नाई. तुम्ही उद्या मेल्या तर कोणाच्या दारात ठेवू तिले?"

मला राग आला नाही. बरोबर बोलत होती. पण शाळेत नाव पडलं की मैत्रिणी होतात, बाई होतात, पोर तिथलं होतं. मग ते सुट्टीत चार दिवस येणार आणि पाहुण्यासारखं पाणी मागून पिणार. लेकाजवळ तेवढंच एक उरलं होतं. मी त्याला जेवताना सांगितलं. तो भात कालवत राहिला.

"जातो ना शनिवारी," म्हणाला.

माझ्या आईकडे एक रीत होती. गावाला जायचा दिवस चांगला असला आणि माणसाचा पाय निघत नसला, तर त्याची रोजची एखादी वस्तू, तांदूळ, सुपारी आणि हळकुंड बांधून शेजारच्या घरी ठेवून द्यायचे. त्याला प्रस्थान म्हणत. माणूस घरात असला तरी निघाला असं धरायचं. मग त्यानं तीन दिवसांत निघायचंच, आणि ते गाठोडं प्रवास झाल्याशिवाय घराचा उंबरा ओलांडून परत आणायचं नाही. मी देवाधर्माची फारशी नाही. सून गेल्यापासून तर देवघरातला दिवाही आठवला तर लावते. पण गुरुवारी तो कामाला गेल्यावर मी खिळ्यावरून हेल्मेट काढलं, आत रुमालात तांदूळ-सुपारी बांधून ठेवली आणि शेजारणीकडे नेऊन दिलं.

संध्याकाळी त्याला खिळा रिकामा दिसला.

"हेल्मेट कुठं गेलं?"

"काटोलले निघालं."

"म्हंजे?"

"प्रस्थान ठेवलं. शेजारी आहे."

"काहून?"

"तू नाई निघत म्हणून ते निघालं."

"मी असलं काई मानत नाई, माय."

"मी तरी कुठं मानतो? पण आता ते या घरात परत येत नाई. तुले पाहिजे तर काटोलवरून घेऊन ये."

तो हातपाय धुऊन जेवायला आला. त्या दिवशी मात्र नेहमीच्या जागी पाठ करून बसायचं कारण नव्हतं, तरी तो तसाच बसला.

शुक्रवारी सकाळी शेजारीण कुंपणाशी आली. कुरड्या घालायचे दिवस, तिचे हात चिकानं पांढरे झाले होते.

"काकू, तुमचं प्रस्थान मी गव्हाच्या कोठीवर ठेवलं. उंच जागा पाहून. आता कोठी उघडाची आहे तर ते हलवा लागते. हलवलं तर चालते का नाई?"

मला ते माहीत नव्हतं. आईनं एवढं सांगितलं नव्हतं. "नाई चालत," मी म्हटलं.

"अरे बाप्पा! मंग माझ्या पोळ्या?"

"भात कर."

शनिवारी लेक कामावर गेला नाही. आज जातो, म्हणाला. ताडपत्री काढली तर खालून पाल निघाली. बॅटरी उतरलेली. गाडी ढकलत मेकॅनिककडे घेऊन गेला आणि दुपारी ढकलतच परत आला. चालू झाली होती, मी विचारलं तेव्हा हो म्हणाला. तरी ढकलत आणली. भर उन्हात, घामानं शर्ट अंगाला चिकटलेला.

संध्याकाळी शेजारणीनं त्याला अंगणातच गाठलं.

"काहून गा भाऊ, किती दिवस ठेवता ते डोस्कं माझ्या घरी? काल भात, आज भात. आमच्या ह्याईले शुगर आहे. तुमचं दुःख मोठं आहे, मी नाई म्हणत नाई. पण नवऱ्याले मारू का मी तुमच्या दुःखापायी?"

लेकाच्या नाकातून आवाज निघाला. हसला की शिंकला ते कळलं नाही. "उद्या सकाळी," म्हणाला.

रविवारी सकाळी त्यानं आंघोळ केली. टायर दाबून पाहिले, साखळीला तेल दिलं, आरसा पुसला, परत पुसला. मग पायरीवर बसला. ऊन भिंतीवरून खाली उतरू लागलं.

"ऊन होईन आता. संध्याकाळी जाऊ."

मी कुंपणाशी जाऊन शेजारणीला हाक मारली. ती हेल्मेट दोन्ही हातांत धरून पूजेच्या ताटासारखं घेऊन आली. वर हळदकुंकू लावलं होतं. त्याच्यासमोर उभी राहिली. तो हात पुढे करेना.

"घ्या ना गा. हात दुखून राहिले माझे."

त्यानं घेतलं आणि आत न पाहता डोक्यात घातलं. रुमालाची गाठ सुटली होती. तांदूळ खांद्यावर सांडले, सुपारी घरंगळत गाडीखाली गेली. मी तोपर्यंत माझ्या नवऱ्याची जुनी पँट पातळाखाली घालून तयार होते. एका बाजूला पाय सोडून मी बसणार नव्हते. शेजारणीच्या नवऱ्याचं हेल्मेट माझ्या डोक्यावर होतं, मी दोन्हीकडे पाय टाकून बसले, आणि शेजारीण म्हणाली, "काकू, वापस नका येऊ, तिकडूनच सर्कशीत जा."

गाडी सुरू झाली. त्याची पाठ लाकडासारखी ताठ होती. मी त्याच्या शर्टाला धरलं होतं. गावातून जाताना सिग्नलवर लोक आमच्याकडे पाहत होते, कारण त्याच्या हेल्मेटवर कुंकू होतं. काटोल नाका गेला. तो खर्र्याला थांबला नाही. फेटरी गेली.

दवाखान्यात कोणीतरी मला सांगितलं होतं की गाडी कडुलिंबाजवळ पडली. त्या रस्त्याला एक मोठा कडुलिंब आहे. बसमधून जाताना दर वेळी मी तो पाहायची आणि तो मागे जाईपर्यंत पाणी प्यायची नाही. त्या दिवशी तो कडुलिंब दिसला आणि मी लेकाच्या खांद्यावर हात ठेवला. तो थांबला नाही. बरंच पुढे गेल्यावर त्यानं गाडी कडेला घेतली आणि बंद केली. तिथं झाड नव्हतंच. एक मैलाचा दगड होता, वाळलेलं गवत, एक तुटलेली चप्पल, तीही कोणाची तरी.

"इथं," तो म्हणाला.

"कडुलिंब तर मागं राहिला."

"तो नाई. इथला छोटा होता. तोडला वाटते."

दोन वर्षं मी भलत्याच झाडाकडे पाहून पाणी प्यायची थांबत होते. काही वाटलं नाही. चुकलं एवढंच वाटलं. ट्रक जाताना गाडी हलत होती. तो उतरला नाही, मीही उतरले नाही. त्याचे दोन्ही पाय जमिनीवर होते. 

"मागं वळवू का?" त्यानं विचारलं.

"तुले जमते का पाहा. माझं तर प्रस्थान परत घरात येत नाई."

त्यानं हेल्मेटचा पट्टा आवळला. मग किक मारली. पहिल्यांदा लागली नाही. दुसऱ्यांदा लागली. तोंड काटोलकडेच होतं.

विहीण दारात उभी होती. तिनं जावयाला खालून वरपर्यंत पाहिलं.

"दोन वर्सं लागली तुमाले काटोल याले?"

"हाव," तो म्हणाला.

त्यानं हेल्मेट काढलं. केसांत तांदूळ अडकले होते. तिनं एक दाणा उचलला. "हे काय? अक्षता? दुसरं लगन करून येऊन राहिले काय जावई?" बोलून गेली आणि मग आपणच आत जाऊन पाण्याचे दोन पेले घेऊन आली.

नात दाराआड होती. दात पडला होता. ती बापाकडे पाहत होती आणि मग भिंतीवरच्या फोटोकडे. फोटोत त्याला मिशी आहे, आता नाही. तो तिच्याजवळ गेला नाही. ओट्यावर बसला आणि विचारलं, "चालतं का नागपूरले?"

"शाळा आहे तिकडं?" तिनं विचारलं.

"आहे."

"मंग दफ्तर घ्या लागंन."

एवढंच झालं. विहिणीनं पोरीचे कपडे आधीच पिशवीत भरून ठेवले होते. म्हणजे तिनं वाट पाहिली होती. पिशवी देताना म्हणाली, "पोरगी त्या गाडीवर नाई बसत. ते मी चालू देणार नाई." लेक म्हणाला, "बरं." मग मला म्हणाली, "इतके दिवस तुम्ही येत होत्या, आता महिन्यातून एकदा मी येतो. त्याच बसनं." तिच्या घरात आता ती एकटीच राहणार होती. तिनं ते म्हटलं नाही, मीही काढलं नाही.

मी आणि नात एसटीनं निघालो, लेक मागून मोटरसायकलवर. पोरगी सगळ्यात मागच्या सीटवर गुडघ्यांवर बसून काचेतून पाहत होती.

"बाबा येऊन राहिला का?" मी विचारायची.

"येऊन राहिला."

मैलाचा दगड आला तेव्हा मी खिडकीबाहेर पाहिलं नाही. पोरीकडे पाहिलं. ती म्हणाली, "अजून येऊन राहिला." नाक्यावर बस थांबली तर तोही मागे थांबला, इंजिन बंद न करता.

गणेशपेठच्या स्टँडवर आम्ही उतरलो. तो फाटकापाशी गाडीवर बसून होता, डोक्यावर हेल्मेट, कुंकू घामानं ओघळून काचेवर आलेलं. नातीनं माझा हात सोडला नाही, पण चालत त्याच्यापर्यंत गेली.

दवाखान्यात पोलीस एकट्या लेकालाच वाचला म्हणाला होता. गाडी पडली तेव्हा तिच्यावर तिघं होती. सून मेली. लेक आणि नात वाचले.